कॅला लिलीचे कंद: ऑनलाइन घेतलेले आणि नर्सरीतून घेतलेले, दोन्हींचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. ऑनलाइन मागवलेले कंद, ५ पैकी दीड. सोलापूर रोडला हडपसरच्या पुढे एका नर्सरीतून घेतलेले, ५ पैकी साडेचार. दुकानांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये कारण नंतर शोधलं तर तीन चार ठिकाणी हीच गोष्ट दिसली. कॅला लिली या एका नावाखाली दोन वेगळी झाडं विकतात, दोघांना सांभाळायची रीत जवळजवळ उलटी आहे, आणि हे घेणाऱ्याला कोणी सांगतच नाही. माझे चार कंद यातच गेले म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

तर झालं असं की तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी सहा कंदांचा मिक्स कलर पॅक मागवला, ५४० रुपये. फोटोत जांभळा, पिवळा, गुलाबी, केशरी, पांढरा सगळंच होतं. पार्सल पाच दिवसांनी आलं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला एक भोक नाही, आतून घाम आलेला. कंद केवढे म्हणाल तर मोठ्या सुपारीएवढे, एक तर दाबला की बोट आत जाईल इतका मऊ. सोबत एक चिठ्ठी, त्यात सहाही कंदांना एकच सूचना: माती कायम ओली ठेवा, दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) द्या, अर्धी सावली. मी अगदी तसंच केलं. सिंहगड रोडला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं ऊन साधारण साडेदहापर्यंत असतं, म्हटलं जागा मस्त आहे.

सहातले दोन जोरात आले. बाकीच्या चारातल्या तिघांना कोंब आले, पानं पण आली, मोठी आणि लुसलुशीत, मी फोटो काढून बहिणीला पाठवत होते, आणि जुलैच्या शेवटी एक दिवस सकाळी बघते तर एक झाड आडवं. देठ धरून हलकं ओढलं तर हातातच आलं आणि खालून जो वास आला तो विसरणार नाही, सडलेल्या बटाट्यासारखा. पुढच्या दहा दिवसांत उरलेले दोन पण तसेच, आणि चौथा, तो मऊ निघालेला, त्याला कोंब आलाच नाही. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं पाणी जास्त झालं असेल. अहो चिठ्ठीत तुम्हीच लिहिलंय कायम ओली ठेवा! रिफंड नाही, बदली नाही, नंतर रिप्लाय बंद.

जे दोन जगले त्यांना तेच पाणी, तीच माती, तेच खत होतं आणि ते मात्र टवटवीत. त्यामुळे मला वाटत राहिलं की माझं काही चुकलं नाही, कंदच खराब होते. अर्धं खरं होतं ते.

उत्तर मिळालं आईकडे. माझं माहेर पाचगणीजवळ, घरामागे न्हाणीचं पाणी जातं तिथे आईचा अळू आहे, मी लहान असल्यापासून आहे. गणपतीला गेले तेव्हा जगलेल्या दोनातली एक कुंडी घेऊन गेले होते, म्हटलं थंड हवेत फुलेल तरी. आईने पान उलटं करून बघितलं, देठ दाबून बघितला आणि म्हणाली, अगं हा अळूचाच भाऊबंद आहे, याला कुंडीत काय कोंडलंस, न्हाणीपाशी लाव. लावला. तो आज आईच्या अळूशेजारी कमरेएवढा झालाय, आणि त्याच थंडीच्या शेवटाला त्याला सात फुलं आली, शंखासारखी पांढरीशुभ्र आणि मधे पिवळी दांडी. आई त्यातलं एक दत्ताच्या फोटोपुढे ठेवायची, आठ दहा दिवस ताजं राहायचं.

आणि आईचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे. कॅला लिली ही लिली नाहीच, ती अळूच्या कुळातली. अळू, सुरण, अँथुरियम, पीस लिली, मनी प्लांट ही सगळी त्याच कुळातली मंडळी. आपण जे फूल म्हणतो तो रंगीत गुंडाळलेला भाग म्हणजे खरं तर एक बदललेलं पान आहे, खरी फुलं म्हणजे त्या मधल्या दांडीवरचे बारीक बारीक दाणे, वर नर खाली मादी. अळूच्या पानाच्या टोकाला पहाटे पाण्याचा थेंब लोंबतो तसाच हिच्याही पानाला येतो, माझ्या खिडकीच्या लाकडी फळीवर त्याचे डाग पडलेत म्हणून आता खाली ताटली असते.

आता मुख्य मुद्दा, जो मला पुढच्या वर्षी नर्सरीतल्या काकांनी दहा मिनिटांत समजावला. मी दसऱ्यानंतर गेले होते, आणि जाताना मनात राग होताच. आधी फोनवर कॅला आहे का विचारलं तर मुलगा म्हणाला हो भरपूर आहे, गेले तर कर्दळ दाखवली, कॅना. हा घोळ फार कॉमन आहे, फोनवर विचारताना अळूच्या पानासारखी, शंखासारखं फूल येणारी असं सांगा. मग काका आले, त्यांना सगळी कथा सांगितली, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ताई जगलेल्या दोघांचा कंद लांबट होता का हो, आल्यासारखा? मला आठवलं, हो, होता. मग ते म्हणाले, ती पांढरी. मेलेले चपटे गोल असणार, सुरणाच्या पिल्लासारखे. ते रंगीत.

दोन्ही मूळच्या आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या. पण पांढरी दलदलीत, ओढ्याकाठी वाढणारी, तिला बारा महिने ओल चालते, उथळ तळ्यात पाण्यात उभी राहून पण फुलते, आणि हवामान सौम्य असेल तर वर्षभर हिरवी राहते. रंगीत ज्या आहेत, जांभळ्या, पिवळ्या, केशरी, त्या वेगळ्या जातींच्या संकरातून केलेल्या, आणि या जातींना वर्षातले काही महिने पूर्ण झोप लागते, पानं वाळतात, कंद कोरडा पडून राहतो. त्या काळात किंवा गरम दमट हवेत त्याच्या अंगाशी पाणी थांबलं की जिवाणू शिरतो आणि कंदकूज. हळद करणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरी हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. एकदा कंद लिबलिबीत झाला की औषध नाही, झाड मातीसकट टाकून द्यायचं, ती माती दुसऱ्या कुंडीत घ्यायची नाही. मी घेतली होती. म्हणजे माझं दुसरं आणि तिसरं झाड कशाने गेलं तेही तिथेच कळलं.

आणि ते १९:१९:१९. नत्र जास्त झालं की पानं सुटतात, फूल मागे पडतं, आणि ती जी लुसलुशीत पानं बघून मी खूश होत होते ती खरं तर कुजीला आमंत्रण होती. जूनमध्ये, पुण्याच्या पावसात, रंगीत कॅलाला कायम ओली माती आणि दर आठवड्याला नत्र. विकणाऱ्याला माहीत असायला नको? याच कारणासाठी मी दीडच्या वर रेटिंग देत नाहीये. छोटे कंद मी माफ केले असते.

नर्सरीत मला कंद हातात घेऊन निवडू दिले, ही एक गोष्ट ऑनलाइनमध्ये कधीच मिळणार नाही. कंदाचा साइज सेंटिमीटरमध्ये सांगतात, १४/१६ म्हणजे कंदाच्या भोवती टेप गुंडाळली तर १४ ते १६ सेंटिमीटर घेर. मोठा कंद म्हणजे जास्त डोळे, जास्त डोळे म्हणजे जास्त फुलं, इतकं सरळ आहे. मी असे चार घेतले, घरी येऊन शिवणाच्या टेपने मोजले, चारपैकी तीन सांगितल्याप्रमाणे होते, एक थोडा कमी भरला, साडेबारा, त्याचा अर्धा मार्क मी कापलाय. किंमत तेव्हा १८० रुपये एक. महाग वाटतं, पण पहिल्या पॅकचा हिशेब करा, सहापैकी दोन जगले म्हणजे एक झाड २७० ला पडलं आणि रंगीत तर एकही हाती लागलं नाही.

काकांनी विचारलं जीएमध्ये बुडवून देऊ का. मला कळेना. म्हणाले द्राक्षवाले वापरतात तेच, जिबरेलिक ॲसिड, लावायच्या आधी कंद त्यात बुडवला की फुलं वाढतात, कमर्शियल लावणारे हेच करतात. माझा मावसभाऊ तासगावला द्राक्ष करतो, त्याच्या तोंडून जीए जीए ऐकलेलं होतं, ते इथे भेटलं. मी दोन बुडवून घेतले, दोन तसेच. पहिल्या थंडीत बुडवलेल्यांना पाच आणि चार फुलं, न बुडवलेल्यांना दोन आणि दोन. आता एवढ्याशा चार कुंड्यांवरून मी काही सिद्ध करत नाही (आणि तो साडेबाराचा कंद न बुडवलेल्यातला होता), पण पुढच्या वेळी सगळेच बुडवून घेईन.

लावायचं कसं ते सांगते, पुण्यातल्या हवेच्या हिशेबाने. दसरा दिवाळीच्या मधे लावा, पाऊस पूर्ण गेलेला पाहिजे. मी आठ इंची मातीची कुंडी घेतली, मातीची कारण ती लवकर सुकते. मिश्रणात कोकोपीट, जुनं गांडूळखत आणि भाताचं तूस साधारण सारखं, लाल माती अगदी ओंजळभर, नुसत्या लाल मातीत लावू नका, ती पाणी धरून घट्ट बसते. कंदाची डोळे असलेली बाजू वर, आणि वर तीन चार इंच माती पाहिजेच, कारण मुळं खालून फुटत नाहीत, कोंबाच्या बुडाशी सुटतात, कंद उघडा ठेवला तर मुळांना जागाच मिळत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, मी पहिल्या वेळी वर वर खोचले होते. पहिलं पाणी भरपूर, मग कोंब दिसेपर्यंत जवळजवळ नाही. मला कोंब अठराव्या दिवशी दिसला, एकाला पूर्ण महिना लागला, उकरून बघू नका. त्यानंतर बोट घालून वरचं पेर कोरडं लागलं की पाणी, नाहीतर नाही. खत म्हणाल तर पानं उघडल्यावर ०:५२:३४ (यात नत्र नसतं, फक्त स्फुरद आणि पालाश) अगदी चिमूटभर, पंधरा दिवसांतून एकदा, आणि कळीला रंग दिसला की बंद.

नोव्हेंबर डिसेंबरची पुण्याची थंडी यांना फार मानवते, दिवसा एकोणतीस तीसच्या आसपास आणि रात्री गार. लावल्यापासून साधारण अडीच महिन्यांनी पहिली कळी, माझी जांभळी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उघडली. जांभळी म्हणजे इतकी गडद की लांबून काळी वाटते, जवळ गेलं की आतून वाइनसारखा रंग, मखमली नाही, मेणासारखा. दोन वर्षं या रंगासाठी थांबले होते, त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले.

पानांवर पांढरे, अर्धपारदर्शक ठिपके असतात रंगीत कॅलाच्या, ते जन्मजात आहेत. माझ्या शेजारच्या वहिनींनी व्हायरस आहे म्हणून त्यांच्याकडचं झाड टाकून दिलं होतं, मला फार वाईट वाटलं. ठिपके सारखे विखुरलेले आणि पान ताठ असेल तर काही करू नका. पिवळे वेडेवाकडे पट्टे आणि पान आकसलेलं असेल तर मग काळजी. मावा आणि पिठ्या ढेकूण येतो, देठाच्या बेचक्यात लपतो, ओल्या कापडाने पुसून निंबोळी तेल मारलं की माझं भागलं.

घरात ठेवायचं असेल तर. झाड बाल्कनीत वाढवा, कळी रंगली की आत आणा, असं मी करते. सुरुवातीपासून आत ठेवून बघितलं एक, हॉलच्या आतल्या बाजूला, देठ लांबलचक आणि लुळे झाले, काठी लावायला लागली. आत ठेवायचंच तर खिडकीला चिकटून, भरपूर उजेडात. फूल झाडावर असताना तीन आठवडे सहज राहतं आणि जुनं व्हायला लागलं की हळूहळू हिरवं पडतं, ते खराब नाही, रंग परत पानाकडे जातो. फुलदाणीत ठेवणार असाल तर कात्रीने कापू नका, देठ बुडाशी धरून जरा पीळ देऊन ओढायचा, सुटून येतो, आणि फुलदाणीत पाणी फक्त दोन तीन इंच, जास्त पाण्यात देठ बुळबुळीत होतो.

आता जे पॅकेटवर मोठ्या अक्षरात असायला हवं आणि दोन्ही ठिकाणी नव्हतं, नर्सरीत पण नव्हतं. हे झाड तोंडात घालायचं नाही. पानं, देठ, फूल, कंद, सगळ्यात तीच कॅल्शियम ऑक्झलेटची सुयांसारखी बारीक स्फटिकं असतात ज्यांनी कच्चा अळू खाजतो. अळूला आपण चिंच घालून शिजवतो, हे शिजवूनही खायचं नाही. आणि आईकडे आता दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत, त्यामुळे मी तिथे मधे फरशी रोवून घेतली आणि वहिनीला पानं नीट दाखवून ठेवली, अळूचं देठ पानाच्या पोटाला जोडलेलं असतं आणि कॅलाचं पानाच्या खाचेत, अळुवडीला पानं तोडताना हे बघूनच तोडायचं. घरी रांगतं बाळ असेल तर कुंडी उंचावर. मांजराने चावलं तर लाळ गळते, तोंड हुळहुळतं, आमच्या मनीने एकदा पान कुरतडलं आणि दिवसभर जेवली नाही, डॉक्टरकडे नेलं, सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. खऱ्या लिलीने मांजराची किडनी जाते, ती घरात अजिबातच आणू नका. नाव सारखं असल्यामुळे लोक दोन्ही बाजूंनी गोंधळतात म्हणून लिहिलं.

पांढरीबद्दल अजून एक. ती आईकडे इतकी फोफावली की भावाने जास्तीची उपटून ओढ्यात टाकायला घेतली होती, मी थांबवलं. उटी कोडाईकॅनालकडे ओढ्याकाठी ही आपोआप पसरली आहे, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तर तिला तण म्हणून उपटतात. पाचगणी महाबळेश्वरला हवा तशीच, पाणी तसंच. जास्तीची पिल्लं लोकांना द्या, नाहीतर उन्हात वाळवून टाका, ओढ्यात नको. पुण्यातली माझी दुसरी पांढरी जिवंत आहे पण उन्हाळ्यात पार मलूल होते, खाली पाण्याची ताटली आणि एप्रिलपासून पूर्ण सावली, तेवढ्यावर तगते, फूल दोन वर्षांत एकच. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी रंगीत घ्यावी आणि ज्यांच्याकडे अंगण आणि सांडपाण्याची ओली जागा आहे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, आंबोली अशा बाजूला, त्यांनी पांढरी.

उन्हाळ्यात रंगीतची पानं पिवळी पडायला लागतात, माझी एप्रिलच्या सुरुवातीला. तेव्हा घाबरून पाणी वाढवायचं नाही, उलट कमी करत बंद. पानं हिरवी आहेत तोवर मात्र पाणी चालू, त्या काळातच कंद पोसतो. पूर्ण वाळल्यावर मी कंद काढले, पाण्याने धुतले नाहीत, नुसती माती झटकली, तीन दिवस सावलीत वाळवले आणि भाताच्या कोरड्या तुसात पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण उघडं, माळ्यावर नाही (तिथे फार तापतं), पलंगाखाली. चारपैकी चारही टिकले. दुसऱ्या हंगामाला लावताना परत टेप लावली तर तिघांचा घेर वाढलेला आणि एकाला शेजारी पिल्लू कंद. साडेबाराचा होता तो पंधरा झाला. दुसऱ्या वर्षी जीए न लावता एकूण अकरा फुलं.

नर्सरीवाल्यांनी अजून एक केलं जे मला फार आवडलं. पहिल्या वर्षी पिवळी म्हणून दिलेला एक कंद गुलाबी निघाला, मी तक्रार म्हणून नाही, सहज फोटो पाठवला, तर पुढच्या ऑक्टोबरला गेले तेव्हा काकांनी आठवणीने एक पिवळा बाजूला काढून ठेवलेला, पैसे घेतले नाहीत. तरी एक सांगणं त्यांनाही आहे आणि समोर बोललेही, की लेबलवर रंगाबरोबर कंद कुठल्या प्रकारचा, ओल हवी की कोरडं, आणि मुलांमांजरांपासून लांब ठेवा, या तीन ओळी छापा. हो म्हणालेत.

सध्या पाच कंद आणि एक पिल्लू पलंगाखाली खोक्यात झोपलेत, दर रविवारी एकदा हात फिरवून बघते कुठे मऊ लागतोय का. यंदा केशरी घ्यायचाय, १६/१८ चा, सांगून ठेवलाय. आणि आईकडची पांढरीची पिल्लं पहिल्या पावसात काढणार आहोत, वहिनीच्या माहेरी मेढ्याला विहिरीजवळ जागा बघून ठेवली आहे.